थकलेले देयक : कंत्राटदाराचा हक्क आणि कायद्याची मर्यादा

(बांधकाम व्यवसायात पाऊल टाकणाऱ्या तरुणांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तालुक्याच्या गावातील एक तरुण डोळ्यांसमोर आणावा. स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका हाती आल्यावर नोकरीच्या मागे न लागता त्याने कंत्राटदार म्हणून नोंदणी केली. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या चार वर्गखोल्यांचे काम मिळाले. वडिलांची शेती तारण ठेवून बँकेचे कर्ज उचलले, पत्नीचे दागिने सोनाराकडे गेले, सिमेंट आणि सळई उधारीवर आली. पावसाळा, पाण्याची टंचाई, वाळूचे भाव हे सारे ओलांडून खोल्या उभ्या राहिल्या. फीत कापली गेली, फोटो छापून आले, मुले नव्या वर्गात बसली. अंतिम देयकाचे पैसे मात्र आले नाहीत. पहिले सहा महिने 'अनुदान आलेले नाही' हे उत्तर, पुढचे वर्षभर 'वाढीव कामाला मंजुरी नाही' हे उत्तर. एके दिवशी सिमेंट दुकानदाराचा माणूस दारात उभा असताना त्या तरुणाच्या मनात येते, सरळ जाऊन खोल्यांना कुलूप ठोकावे. वास्तू आपल्या घामाने उभी राहिली, मग पैसे मिळेपर्यंत ती अडवून ठेवण्याचा हक्क आपल्याला का नसावा?

हा प्रश्न भाबडा नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातील कंत्राटदारांच्या संघटनांनी काम थांबवण्याचे आंदोलन पुकारले, तेव्हा त्यांच्या दाव्यानुसार राज्य शासनाकडील थकबाकी सुमारे ८९ हजार कोटी रुपयांची होती. आकड्याविषयी मतभेद असू शकतात. परंतु त्या आकड्यामागे असे हजारो लहान कंत्राटदार, त्यांचे मुकादम, गवंडी आणि बिगारी उभे होते, याविषयी मतभेद होण्याचे कारण नाही. मोठ्या कंपनीला थकबाकी सोसता येते. तिच्याजवळ दुसरी कामे असतात, बँकेची पत असते, वकिलांचा ताफा असतो. लहान कंत्राटदाराजवळ एक काम आणि एक घर असते. काम अडले की घरावर गदा येते.

काम करून घ्यावे आणि मोबदला देऊ नये, या अन्यायाची दखल आपल्या प्राचीन विचारवंतांनी फार आधी घेतली होती. नारदस्मृतीत वादाची जी अठरा व्यवहारपदे सांगितली आहेत, त्यात 'वेतनस्यानपाकर्म', म्हणजे ठरलेले वेतन न चुकवणे, हे स्वतंत्र पद आहे. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या धर्मस्थीय अधिकरणात वेतन न देणाऱ्यास दशमांश किंवा सहा पण दंड सांगितला. इतकेच नव्हे, तर वेतन आधी ठरलेले नसेल तर काम आणि काळ पाहून ते ठरवावे असेही सांगितले. या शेवटच्या नियमाची आठवण पुढे पुन्हा येईल.

आजचा कायदा मात्र त्या तरुणाच्या प्रश्नाला स्पष्ट नकार देतो, आणि तो नकार नीट समजून घेणे हे व्यवसायातील पहिले शहाणपण आहे.

इंग्रजीत ज्याला 'लिएन' म्हणतात, त्याला मराठी कायद्याच्या भाषेत धारणाधिकार असा शब्द आहे. आपले पैसे मिळेपर्यंत दुसऱ्याची वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क, एवढाच त्याचा साधा अर्थ. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १७० मध्ये हा अधिकार आहे. ज्याच्याकडे वस्तू सोपविली गेली आणि ज्याने त्या वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च केले, त्याला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू परत न देण्याची मुभा आहे. कायद्यातच दिलेले उदाहरण बोलके आहे. जवाहिऱ्याकडे पैलू पाडण्यासाठी हिरा दिला, तर मजुरी मिळेपर्यंत तो हिरा ठेवून घेऊ शकतो. दुसरे उदाहरण शिंप्याचे. कोट शिवून होताच देण्याचे कबूल करून शिंप्याने पैशांसाठी तीन महिन्यांची उधारी दिली असेल, तर त्याला कोट अडवता येत नाही. उधारी दिली की अधिकार गेला. कंत्राटदाराने हे दुसरे उदाहरण विसरू नये. व्यवहारात त्याचा धंदा बहुधा उधारीचाच असतो.

हिरा अडवता येतो, कोट अडवता येतो, मग भिंत का नाही? कारण हे कलम सोपविलेल्या जंगम वस्तूंविषयी आहे. वीट जोपर्यंत ट्रॅक्टरमध्ये आहे तोपर्यंत ती वस्तू. चुन्या-सिमेंटात बसली की ती जमिनीचा भाग होते, आणि जमीन मालकाची असते. शिवाय जागा कंत्राटदाराच्या ताब्यात 'सोपविलेली' नसते. त्याला तेथे येऊन काम करण्याची केवळ परवानगी असते. कलम १७१ मध्ये याहून व्यापक धारणाधिकार दिला आहे, परंतु तो कोणाला? बँका, धक्क्यांवर माल उतरवून घेणारे, अडते, उच्च न्यायालयाचे अ‍ॅटर्नी आणि विमा दलाल यांना. १८७२ च्या त्या यादीत बांधकाम करणाऱ्याला जागा मिळाली नाही, आणि दीडशे वर्षांनंतरही मिळालेली नाही.

अमेरिकेत गोष्ट वेगळी आहे. तेथे नवी राजधानी वॉशिंग्टन वसविण्याचे काम निघाले, तेव्हा कारागीर आणि साहित्य पुरविणारे मोठ्या संख्येने हवे होते आणि त्यांना पैशांची हमी हवी होती. १७९१ मध्ये मेरीलँड राज्याने त्यांना इमारतीवरच हक्क देणारा कायदा केला. आज तेथील सर्व राज्यांत तसा कायदा आहे. नोंदवलेला हक्क इमारतीला चिकटतो आणि तो फेडल्याशिवाय मालकाला ती निर्वेधपणे विकता येत नाही. इंग्लंडने हा मार्ग घेतला नाही, परंतु १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या वादावर त्रयस्थ तज्ज्ञाने २८ दिवसांत निर्णय द्यावा अशी सोय केली आणि 'आम्हाला पैसे मिळाले की तुम्हाला देऊ' ही उपकंत्राटदारांच्या माथी मारली जाणारी अट, मालक दिवाळखोर होण्याचा प्रसंग सोडून, निष्प्रभ ठरविली. भारतात यांपैकी काहीही नाही. हे उणेपण मान्य केले पाहिजे. संघटनांनी मागण्यांच्या यादीत ते वरच्या क्रमांकावर घ्यावे, इतके ते महत्त्वाचे आहे.

गंमत अशी की 'लिएन' हा शब्द आपल्या शासकीय करारांतही सापडतो, परंतु उलट्या दिशेने. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या करारशर्तींतील कलम २९ कंत्राटदाराकडून येणे असलेल्या रकमेसाठी शासनाला त्याची देयके रोखून धरण्याचा अधिकार देते, आणि पुढचे उपकलम तर दुसऱ्याच कामाच्या देयकातून रक्कम अडवू देते. न सिद्ध झालेल्या नुकसानीपोटी अशी देयके रोखू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये म्हटले होते. तो निवाडाही पुरवठ्याच्या एका करारातील अशाच अटीवर आधारलेला होता. १९८३ मध्ये त्याच न्यायालयाने ती भूमिका बदलली आणि अटीचे शब्द व्यापक असतील तर रोखण्यास मनाई करता येणार नाही असे ठरविले. तात्पर्य, ज्या अधिकाराची कंत्राटदाराला आस असते, तो त्याच्याच सहीने समोरच्याच्या हाती गेलेला असतो. निविदा भरताना दराचा तक्ता शंभरदा तपासणारा माणूस करारशर्तींची पाने उलटतही नाही, हे या व्यवसायाचे दुर्दैव आहे.

मग कुलूप ठोकले तर? काम सोपवून झालेल्या शाळेला कुलूप लावणारा कंत्राटदार पैशांच्या वादातून उठून फौजदारी तक्रारीत जाऊन बसतो. ज्या अधिकाऱ्याला उत्तर द्यायचे होते, तोच फिर्यादी होतो. पायाभूत सुविधांच्या कामांबाबत तर २०१८ मध्ये विशिष्ट अनुतोष कायद्यात दुरुस्ती झाली असून, प्रकल्पाला विलंब होईल अशी मनाई न्यायालयाने देऊ नये असा दंडक आहे. कंत्राटदाराच्या हातात राहते ते न वापरलेले साहित्य आणि स्वतःची यंत्रे. तेही साहित्यावर आगाऊ रक्कम उचललेली नसेल तर. खासगी बंगल्याचे काम करताना जमिनीवर बोजा निर्माण करणारा नोंदणीकृत करार करता येतो, कायद्यात त्याला वाव आहे. परंतु तसे कबूल करणारा मालक विरळा. त्यापेक्षा पाया, जोते, स्लॅब, गिलावा अशा टप्प्यांवर पैसे घेण्याची आणि टप्प्याचे पैसे चुकल्यास काम थांबविण्याची अट करारात स्पष्ट लिहून घेणे हा अधिक व्यवहार्य मार्ग आहे. ती अट लिहिलेली नसताना काम थांबविले, तर कराराचा भंग कंत्राटदारानेच केला असा उलटा आरोप येतो.

वास्तू तारण ठरत नाही, तर तारण काय? कागद. हे उत्तर रुक्ष आहे, पण न्यायालयांचे गेल्या साठ-सत्तर वर्षांतील निवाडे पाहिले तर जिंकलेल्या आणि हरलेल्या कंत्राटदारांमधील फरक बहुधा कामाच्या दर्जात नसून कागदात आढळतो.

सर्वांत मोठा घोळ वाढीव कामाचा. साइटवर कनिष्ठ अभियंता येतो, म्हणतो, 'संरक्षक भिंत पुढे दहा मीटर घ्या, मंजुरीचे बघू.' कंत्राटदार संबंध बिघडू नयेत म्हणून भिंत बांधतो. अधिकाऱ्याची बदली होते. नवा अधिकारी विचारतो, आदेश कुठे आहे? संविधानाच्या अनुच्छेद २९९ प्रमाणे शासनाशी करार विशिष्ट पद्धतीने, विशिष्ट अधिकाऱ्याच्या सहीनेच होतो. तोंडी शब्दाला तेथे स्थान नाही. परंतु येथे कायद्याने एक खिडकी उघडी ठेवली आहे, आणि कौटिल्याचा तो नियम येथे आठवतो. करार कायद्याचे कलम ७० सांगते की, एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केले, ते फुकट करण्याचा हेतू नव्हता, आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने भरपाई दिली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बंगालच्या नागरी पुरवठा खात्यासाठी मंडल नावाच्या एका व्यवसायसंस्थेने कच्चा रस्ता, गोदामे, स्वयंपाकघर अशी कामे अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून केली. विधिवत करार नव्हता, म्हणून खात्याने पैसे नाकारले. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ७० चा आधार घेऊन संस्थेच्या बाजूने निकाल दिला. गोदामे वापरलीत, तर त्यांची किंमत द्या, हा त्या निकालाचा सारांश.

या निकालाचा आधार घेताना एक सावधगिरी हवी. जेथे करार आहे आणि त्यात दर ठरलेला आहे, तेथे कलम ७० चालत नाही. फौजेला तूप पुरविणाऱ्या एका संस्थेने युद्धामुळे परिस्थिती पालटली म्हणून वाढीव दर मागितला, तेव्हा १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. महाग पडले म्हणून करार सुटत नाही. त्यामुळे वाढीव काम कराराच्या कक्षेतील आहे की बाहेरचे, हे आधी ठरवावे लागते. महाराष्ट्र सार्वजनिक बांधकाम विभागाच्या करारनमुन्यात परिमाण निविदेपेक्षा २५ टक्क्यांहून वाढल्यास जादा परिमाणाचा दर कसा ठरवावा याची तरतूद आहे; ती वाचलेली असेल तर निम्मे भांडण तेथेच संपते. आणि तोंडी आदेश मिळाल्यास त्याच संध्याकाळी दोन ओळींचे पत्र टाकावे: 'आज आपण साइटवर दिलेल्या सूचनेनुसार संरक्षक भिंतीचे काम सुरू करीत आहोत, लेखी आदेश मिळावा.' त्या पत्राची आवक क्रमांकासह पोच घ्यावी. यात अधिकाऱ्याचा अपमान नाही. सरळ अधिकाऱ्याला अशा पत्राची अडचण वाटत नाही.

मोजमाप पुस्तिका हा दुसरा आधार. शासकीय कामात देयकाचा जन्म तेथे होतो. जे त्या पुस्तिकेत नाही, ते झालेच नाही असे खाते मानते. जमिनीखालच्या कामाचे, खोदाईचे, पायातील मुरमाचे मोजमाप बुजविण्याआधी संयुक्तपणे झाले पाहिजे आणि त्यावर कंत्राटदाराची सही हवी. मोजमाप मान्य नसेल तर 'हरकत राखून' असे लिहून सही हवी. पुस्तिका खात्याच्या कपाटात असते, परंतु २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने तिची प्रत मागता येते, आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. कित्येक कंत्राटदारांना हा कायदा फक्त दुसऱ्यांनी आपल्याविरुद्ध वापरण्यासाठी आहे असे वाटते!

विलंबाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. जागा वेळेवर मिळाली नाही, नकाशे उशिरा आले, विजेचे खांब हलले नाहीत. बारा महिन्यांचे काम तीस महिने चालले. कंत्राटदाराने मुदतवाढ मागितली, दंडाविना मिळाली, तो खूश झाला. तीस महिन्यांनी सिमेंटच्या वाढलेल्या भावाची आणि बसून राहिलेल्या यंत्रांची भरपाई मागायला गेला, तर करार कायद्याचे कलम ५५ आडवे आले. उशिरा झालेली पूर्तता स्वीकारताना 'नुकसानभरपाई मागण्याचा हक्क राखून ठेवत आहे' अशी सूचना त्याच वेळी दिली नसेल, तर ती नंतर मागता येत नाही. म्हणजे मुदतवाढीच्या अर्जातील एक वाक्य लाखो रुपयांचे असते. भाववाढ मिळणार नाही अशी अट असली तरी सारे संपले असेही नाही. केरळमधील एका कालव्याच्या कामात सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या अखेरीस असे म्हटले की, सामान्यतः करारातील दर पक्षांवर बंधनकारक असतो. परंतु एका पक्षाने आपली जबाबदारी पार पाडली नाही आणि त्याचा थेट परिणाम दुसऱ्याच्या कामावर झाला, तर लवाद वाढीव खर्च देऊ शकतो. मात्र अडथळे कोणत्या तारखेला आले, कधी दूर झाले, त्या दिवशी किती मजूर बसून होते, याची नोंद असावी लागते. साइटवरील साधी डायरी, रोज लिहिलेली, रोज सही झालेली, नंतर तयार केलेल्या शंभर पानी तक्त्यापेक्षा अधिक विश्वासार्ह ठरते.

आता त्या कुप्रसिद्ध कागदाविषयी, ज्याला 'नो क्लेम सर्टिफिकेट' म्हणतात. अंतिम देयक हवे असेल तर 'माझे काही येणे नाही' असे लिहून द्या, नाही तर धनादेश निघणार नाही. व्याज चढत असलेला माणूस सही करतो. ती सही त्याला कायमची बांधते का? राष्ट्रीय औष्णिक विद्युत निगमाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये या परिस्थितीचे वास्तव ओळखले. गरजेपोटी केलेल्या सहीमुळे लवादाकडे जाण्याचा मार्ग आपोआप बंद होत नाही, असे म्हटले. २००६ मध्ये रेल्वेच्या कामात आणि २००८ मध्ये एका विमा प्रकरणात हेच तत्त्व पुढे नेले गेले. परंतु २०११ मध्ये न्यायालयाने दुसरी बाजूही दाखविली. नुसते 'दबाव होता' म्हणून भागत नाही. प्रथमदर्शनी पटेल असा पुरावा हवा. तो पुरावा कोणता? सही करण्याआधीचे, पूर्ण येणे मागणारे पत्र, आणि पैसे जमा होताच तात्काळ पाठवलेले निषेधाचे पत्र. सहा महिन्यांनी आठवलेला दबाव न्यायालयाला पटत नाही.

आणि मुदत. लहान कंत्राटदारांचे सर्वाधिक नुकसान येथे होते, आणि ते गोड बोलण्यातून होते. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे, सांगण्यावरून केलेल्या कामाच्या किमतीसाठी, पैसे देण्याची तारीख ठरलेली नसेल तर, काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. 'साहेब म्हणतात मार्चमध्ये करू' या आशेवर तीन मार्च निघून जातात. दिल्ली विकास प्राधिकरणाच्या एका प्रकरणात १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंत्राटदाराच्या बाजूने निकाल देतानाच बजावले होते की, केवळ स्मरणपत्रे पाठवून मुदत लांबवता येत नाही. २०१९ मध्ये याचा फटका एका कंपनीला बसला. राजस्थानच्या वीज मंडळासाठी १९७९ ते १९८५ या काळात मिळालेल्या कामांच्या पैशांसाठी तिने २००३ मध्ये लवाद नेमण्याची मागणी न्यायालयात केली. पत्रव्यवहार चालू होता, हे कारण न्यायालयाने मानले नाही.

मुदत वाचविण्याचे दोन मार्ग कायद्यातच आहेत. मुदत संपण्याआधी देणेदाराने सहीनिशी लेखी कबुली दिली, तर त्या दिवसापासून तीन वर्षे नव्याने मोजली जातात. अंशतः रक्कम भरून तिची लेखी नोंद केली, तरीही तसेच. म्हणून दरवर्षी ३१ मार्चनंतर खात्याकडून किंवा मालकाकडून शिल्लक येण्याचे पत्र मागून घ्यावे. 'अनुदान उपलब्ध होताच आपले देयक अदा करण्यात येईल' एवढे एक वाक्य असलेले खात्याचे पत्र सोन्याच्या मोलाचे असते, आणि ते कित्येकदा कंत्राटदाराच्या फायलीतच पडलेले असते. त्याचा अर्थ त्याला माहीत नसतो.

लहान उद्योगांसाठी २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा आहे. त्याची मोठी वाहवा होते आणि ती अनाठायी नाही. सूक्ष्म व लघु पुरवठादाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे, विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने दरमहा चक्रवाढ व्याज, वाद सुविधा परिषदेकडे, आणि निर्णयाला आव्हान देणाऱ्याने आधी ७५ टक्के रक्कम भरायची, अशा त्याच्या तरतुदी आहेत. २०२३ च्या वित्त कायद्याने तर मुदतीत न चुकविलेल्या अशा रकमेची वजावट खरेदीदाराला त्या वर्षी मिळू नये अशी सोय केली. खासगी मालकावर तिचा परिणाम चांगला झाला. परंतु बांधकामवाल्यांनी येथे सावध असावे. साहित्य आणि मजुरी एकत्र असलेले काम या कायद्याच्या कक्षेत येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने एकाहून अधिक निवाड्यांत म्हटले आहे. इतर काही उच्च न्यायालयांनी वेगळी वाट धरली. शिवाय नोंदणी काम घेण्याआधीची हवी का, हा वादही मोठा. २०२१ आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नंतरच्या नोंदणीचा लाभ मागील व्यवहाराला नाकारला. जानेवारी २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविला. तेव्हा 'उद्यम' नोंदणी पहिली निविदा भरण्याआधी करावी, पण केवळ तिच्या भरवशावर तीन वर्षांची मुदत घालवू नये.

खासगी बिल्डरच्या बाबतीत धनादेश न वटल्यास बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांची वाट आणि त्यानंतर एक महिन्यात फिर्याद, या तारखा तोंडपाठ असाव्यात. दिवाळखोरी संहितेची मर्यादा मार्च २०२० मध्ये एक लाखावरून एक कोटी झाली, त्यामुळे ते हत्यार लहानांच्या हातून बहुतेक गेले आहे. उपकंत्राटदाराची स्थिती सर्वांत नाजूक; त्याचा करार मुख्य कंत्राटदाराशी असतो, मालकाशी नव्हे, आणि मालकाने पैसे दिले तरच तुम्हाला, ही अट आपल्याकडे सर्रास लिहिली जाते.

वाद लवादाकडे नेता येईल का, हे करारातील शब्दांवर ठरते. 'अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम राहील' एवढे लिहिलेले असेल तर तो लवादाचा करार नव्हे, असे ओडिशाच्या एका प्रकरणात १९९६ मध्ये ठरले आहे. लवादाचे कलम असेल तर शासनाने एकतर्फी आपल्याच मर्जीचा लवाद नेमण्याची प्रथा ८ नोव्हेंबर २०२४ च्या घटनापीठाच्या निर्णयाने अवैध ठरली. कंत्राटदारांसाठी ही मोठीच गोष्ट. मात्र त्याच वर्षी जूनमध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने शासकीय करारांतील लवाद दहा कोटींहून कमी रकमेच्या वादांपुरता ठेवावा अशी मार्गदर्शक सूचना काढली. लवाद नसेल तेथे व्यावसायिक न्यायालय आहे. तीन लाखांपासून पुढचे बांधकामाचे वाद तेथे जातात, आणि तातडीचा आदेश मागायचा नसेल तर आधी मध्यस्थीला जाणे २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाप्रमाणे अनिवार्य आहे. ही मध्यस्थी केवळ उपचार समजू नये. खात्यातील वरिष्ठासमोर प्रथमच फाइल उघडली जाण्याचा तो प्रसंग ठरू शकतो.

शाळेच्या खोल्यांपाशी उभा असलेला तो तरुण आता कुलूप खिशात ठेवून घरी जाईल. माहिती अधिकाराचा अर्ज लिहून मोजमाप पुस्तिकेची आणि देयकावरील शेऱ्यांची प्रत मागेल. काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावरील तारीख पाहून तीन वर्षे कधी संपतात ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लाल शाईने लिहील. मग कार्यकारी अभियंत्याच्या नावे पत्र: मंजूर कामाचे शिल्लक येणे इतके, वाढीव कामाचे इतके, कोणत्या तारखेला कोणाच्या सूचनेवरून ते केले, त्याचा लाभ शाळा आज घेत आहे, उशिराच्या रकमेवर व्याज मागण्याचा हक्क राखून ठेवला आहे, आणि तीस दिवसांत लेखी उत्तर मिळावे. दोन प्रती, एक टपालाने आणि एक हातोहात. आवक लिपिकाने शिक्का मारलेली प्रत तो फायलीत सर्वांत वर लावील, आणि सिमेंट दुकानदाराला दाखवायला तिची एक झेरॉक्सही काढील.